ढीग झाकेपर्यंत

दाणा जिभेवर होता आणि तिनं अजून तो चावला नव्हता.

मधला दाणा. फार टपोरा नाही, फार बारीकही नाही. पोटावर चीर, आणि एका टोकाला ती बारीक लव, जी डोळ्यांना नीट दिसत नाही पण जिभेला लगेच कळते. ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं, उरलेल्या दाण्यांतला एक उचलायचा, जिभेवर ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं आणि मग डावीकडच्या शेवटच्या दाढेखाली घ्यायचा — ही आईची पद्धत. तीही सकाळी, उपाशी तोंडानं, कारण चहा प्यायलेलं तोंड खोटं बोलतं असं आईचं ठाम मत होतं. पिकलेला दाणा कट्कन तुटतो. ओला दाणा तुटत नाही, दबतो, दाढेला चिकटतो, म्हणजे त्याला अजून दोन दिवस ऊन हवं असतं. एवढंच ते शास्त्र. पण या घरात ते तिच्याशिवाय कुणालाच जमलं नव्हतं. नवऱ्याला सगळे दाणे सारखेच लागायचे, धाकट्या जावेला डोळे उघडल्याउघडल्या चहा लागायचा, आणि कारभाऱ्याला... कारभाऱ्याला गेल्या वर्षापासून कवळी होती.

कवळी आठवली की तिला बरं वाटायचं. उगाचच, पण फार बरं वाटायचं.

सात... आठ...

कारभारी म्हणजे तिचा दीर, नवऱ्याहून चार वर्षांनी लहान. चौदाव्या वर्षी तो बापालाच कामं सांगायला लागला, तेव्हा बापानं वैतागून हे नाव ठेवलं आणि ते त्याला असं चिकटलं की आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. या क्षणी तो बांधावर कमरेला हात लावून उभा होता आणि तिच्या जबड्याकडे बघत होता. त्याच्यामागे हार्वेस्टर, आणि हार्वेस्टरच्या चाकाला टेकून मशीनवाला, जो आज आणि उद्या इथं होता आणि परवा नदीपलीकडे जाणार होता. एकदा नदी ओलांडली की तो पंधरा दिवस परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

नऊ. दहा.

तिनं दाढ दाबली. दाणा दबला.

"काय म्हणतोय, वहिनी?"

"थांबा की. एकानं काय कळतंय? अजून दोन बघायचेत."

तीन जागांचे तीन दाणे, हाही आईचाच नियम. रानाच्या मधला, ओढ्याकडचा आणि झाडाच्या सावलीतला. ती वाकून गव्हात शिरली. कुसळं साडीला, कोपरांना, मानेला लागत होती. ओढ्याकडे चालताना पायाखालची माती जराशी गार लागली, आणि त्या गारव्यानंच खरं तर सगळं सांगितलं होतं. खालचं रान नेहमीच दोन दिवस मागे असतं. वरचं रान वाळून खडखडीत होतं तरी हे ओढ्याच्या बाजूचं आपलं निवांत. सासरे म्हणायचे, खालचं रान म्हणजे आमचा थोरला, उशिरा उठणारा. थोरला म्हणजे तिचा नवरा. पण या वर्षी वाटणी झाली आणि उशिरा उठणारं रान लवकर उठणाऱ्या भावाकडे गेलं. वरचं रान आणि जुनं गोदाम थोरल्याला, खालचं रान आणि पत्र्याची मोठी कोठी धाकट्याला. भांडण झालं नाही. कारभाऱ्यानं सांगितलं, तिच्या नवऱ्यानं मान हलवली आणि वाटणी झाली. दोन्ही घरं अजून एकाच चुलीवर जेवत होती, फक्त गहू वेगळा झाला होता.

तिला वाटणीचा राग नव्हता. उलट, चार महिन्यांपूर्वी त्या संध्याकाळी कारभारी बोट दाखवून बोलत असताना — हे तुमचं, हे माझं — तिच्या मनात काहीतरी एकदम स्वच्छ झालं होतं. इतकी वर्षं त्याचं काही बिघडवायचं म्हटलं तर ते आपलंही बिघडायचं. एकाच ताटातलं मीठ कुणाकुणाला खारट लागणार? आता नाही. आता त्याचा गहू हा त्याचा गहू होता.

ओढ्याकडची ओंबी. चोळली, फुंकली. दाणा जिभेवर.

एक... दोन...

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशीही हेच रान होतं. तेव्हा हार्वेस्टर नव्हता, विळे होते आणि मळणीचं यंत्र होतं, घर्रघर्र करणारं, ज्याच्या तोंडाशी उभं राहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कान वाजायचे. ती पेंढ्या देत होती. पेंढ्या देणाऱ्याचा हात सारखा चालावा लागतो, थांबला की यंत्र रिकामं फिरतं, आणि तिच्यासारखा हात कुणाचाच चालायचा नाही, हे सगळे बोलून दाखवायचे. साधारण दहाच्या सुमारास कारभारी पाणी प्यायला घरी गेला. परत आला तो हातात तांब्या घेऊन. तांब्या! ज्या माणसानं जन्मात बायकोच्या हाती पेला दिला नव्हता तो भर रानात तांब्या घेऊन आला आणि तिला म्हणाला, "वहिनी, पाणी प्या. सावलीत बसा थोडं." ती हसली. म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?" तोही हसला. दुपारी त्यानं तिच्या ताटात स्वतः वाढलं. चार वाजता सगळ्यांसमोर म्हणाला, वहिनी नसत्या तर हे काम आठवडाभर चाललं असतं. आणि ती... हेच तर तिला आजही सहन होत नाही... ती त्या दिवशी खूश होती. पेंढ्या देता देता गुणगुणत होती. या घरात आपलं कुणीतरी आहे असं तिला लग्नानंतर पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं. संध्याकाळी ढिगावर ताडपत्री पडली, चारी कोपऱ्यांचे दोर बांधले, शेवटची गाठ कारभाऱ्यानं मारली, पाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि मग म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरून फोन आला होता. आईंना बरं नाही. जाऊन या."

"कधी आला होता?"

"मघाशी."

मघाशी. मी नऊ वर्षं हा शब्द चावतेय, तो तुटत नाही, दबतो आणि दाढेला चिकटतो. मी रात्रीच्या गाडीनं गेले, पहाटे पोचले, आणि भावजयीनं दारातच सांगितलं, काल दुपारी चारला गेल्या. फोन सकाळी दहालाच केला होता, ताई, आम्ही वाट बघत होतो... चार वाजता. चार वाजता तो सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होता आणि मी लाजत होते.

दहा. दाढेखालचा दाणा पहिल्यापेक्षाही मऊ निघाला.

तिसरा झाडाखालचा. तो तर तोंडात घालायचीही गरज नव्हती, नखानंच खळगा पडत होता. तरी तिनं घातला, कारण कारभारी बघत होता आणि तीन म्हणजे तीन. बांधाकडे परत चालताना ती पुढचे दिवस मोजत होती. ओला गहू पत्र्याच्या कोठीत भरला, वरून झाकण आवळलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत वाफ धरते. हात घातला तर गरम लागतो. आठवड्यानं आंबूस वास. मग दाणे एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर हिरवट लव येते, आणि एवढा सगळा गहू खाण्याचा राहत नाही, पेरण्याचा तर नाहीच. पुढच्या वर्षीचं त्याचं बियाणंही त्याच कोठीत जाणार होतं. आणि हे करायला तिला काही करावंच लागणार नव्हतं. फक्त त्याला जे ऐकायचं होतं ते सांगायचं होतं. तो सकाळपासून तेच ऐकायला तर उभा होता.

"बोला, वहिनी."

"तयार आहे."

"खालचं? नक्की?"

"तयार आहे म्हटलं ना, भाऊजी."

कारभाऱ्याचं तोंड उजळलं. त्यानं मागे वळून मशीनवाल्याला हात केला आणि म्हणाला, "चल रे, हिरवा कंदील." आणि तिला — ती बघत होती — तिला एकदम गार वाटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच पोटात गेलेलं एखादं पाणी असावं तसं.

घरी येऊन तिनं चहा घेतला नाही. जावेनं विचारलं, तर म्हणाली नको, पित्त झालंय.

खरं सांगायचं तर ती सूड घ्यायला आजच शिकली होती असं नाही. नऊ वर्षांचा सराव होता. कारभाऱ्याच्या चहात साखर अर्धा चमचा कमी पडायची. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं की पांढऱ्याऐवजी राखाडी दोऱ्यानं शिवलं जायचं. टवका उडालेला कप नेहमी त्याच्याच वाट्याला यायचा. रात्री दाराची कडी लावताना त्याच्या खोलीकडचा दिवा ती मुद्दाम आधी घालवायची. आणि कारभाऱ्याला यातलं एकही कधी कळलं नव्हतं. तो फिका चहा ढोसायचा, राखाडी बटण लावायचा, टवका उडालेल्या जागी ओठ टेकवून म्हणायचा, वहिनी, झकास. आपण एखाद्याला नऊ वर्षं मारतोय आणि त्याला गुदगुल्याही होत नाहीत, याहून मोठी फजिती कुठली! कधी कधी तिला स्वतःचंच हसू यायचं. रागाचं हसू.

अकराच्या पुढे पहिली ट्रॉली अंगणात आली. नवरा ट्रॅक्टरवर होता. तो उतरला नाही, फक्त मागे बघून ट्रॉली कोठीच्या, गहू वर ओढणाऱ्या पंख्याशी नीट लागली का ते पाहिलं. गहू नळीतून वर चढला आणि कोठीच्या तोंडातून आत पडू लागला. पहिल्या चार मुठी पत्र्यावर वाजल्या, मग आवाज मऊ होत गेला, गहू गव्हावर पडू लागला. तिचं काम आत उभं राहून लाकडी फावड्यानं तो सारखा करायचं. ती शिडीनं चढून आत उतरली. गुडघ्यापर्यंत गहू. उन्हानं वरून तापलेला, पण पायाची बोटं खाली रुतवली की दमट. तो दमटपणा तिच्या पायांनी ओळखला, हातांनी ओळखला, आणि फावडं आपोआप थांबलं. हात असे थांबतात. हातांना वैर कळत नाही.

ती पुन्हा ओढू लागली.

बाहेर मशीनवाला पाणी प्यायला आला होता. पत्र्याच्या आत त्याचा आवाज घुमून येत होता. "कारभारी, ओढ्याकडं काडी गुंडाळतेय मशीनला. मला जरा ओलसर वाटतंय."

"वहिनीनं चावलंय," कारभारी म्हणाला.

"ते ठीक आहे, पण तुमच्याकडं ते ओलावा मोजायचं यंत्र होतं ना?"

"ते अडगळीत पडलंय. त्याला बॅटरी लागते. आमच्या वहिनीला लागत नाही." मशीनवाला हसला. कारभारी हसला नाही. म्हणाला, "तीस वर्षं झाली बघ. त्या हो म्हणाल्या की हो. आमचे वडील असतानाही हेच होतं."

आत, गुडघाभर गव्हात, ती फावड्याच्या दांड्याला हनुवटी टेकवून उभी राहिली. कोठीच्या तोंडातून उन्हाचा गोल तुकडा आत पडला होता आणि त्यात धूळ उडत होती. विश्वास ठेवायचाच होता तर त्या दिवशी ठेवायचा होतास. त्या दिवशी म्हणायचं होतंस, वहिनी, असं असं आहे, काय करता? मी गेले असते. हो, गेले असते, पेंढी टाकून, तशीच, भुसा अंगावर घेऊन गेले असते! की... नाही, गेलेच असते. तो मला ओळखत नव्हता म्हणून बोलला नाही. यंत्र रिकामं फिरेल म्हणून बोलला नाही. माझी आई मरत होती आणि त्याला पेंढ्यांची काळजी होती. आता राहू दे तुझी कोठी रिकामी.

दुसरी ट्रॉली आली. तिनं सारखं केलं.

जेवायला सगळे पडवीत बसले. जाऊ वाढत होती, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवून उठबस करत. या जावेशी तिचं कधी वाकडं नव्हतं. पोरगी म्हणून या घरात आली आणि तिच्याच हाताखाली स्वयंपाक शिकली. गव्हाची वाट लागली की हिच्या ताटाचीही वाट लागणार होती, हे तिला सकाळपासून दोनतीनदा आठवलं होतं आणि दोनतीनदा तिनं ते बाजूला ढकललं होतं. आत्ता जावेनं तिच्या पानात आधी वाढलं. "ताई, चहा पण नाही घेतलात. खा नीट."

कारभारी खुशीत होता. खुशीत असला की तो कांदा मुठीनं फोडायचा. फोडला, अर्धा तिच्या पानात टाकला आणि म्हणाला, "तुमच्या आईंचं तोंड तुम्हाला आलं, वहिनी, हे आमचं नशीब."

तिनं पहिला घास उचलला होता. तो तसाच राहिला. नऊ वर्षांत त्यानं तिच्या आईचं नाव काढलं नव्हतं.

"त्यांनी फोनवर पण पहिलं तेच विचारलं बघा," तो चावत चावत म्हणाला. "दाणा कसा निघाला? पोरीनं चावलाय ना?"

"कुणी विचारलं?"

"तुमच्या आईंनी."

"कधी?"

"त्याच दिवशी. त्या... तेव्हा."

"फोन माझ्या भावानं केला होता."

"लावला भावानंच असेल. बोलल्या आई." आता त्याच्याही लक्षात आलं की पडवीत कुणी खात नाहीये. त्यानं घास गिळला. "मी म्हटलं, वहिनीला बोलावतो, रानातच आहे, दोन मिनिटं धरा. तर म्हणाल्या, नको. सांगूच नका. ढीग झाकेपर्यंत सांगू नका. अर्ध्यावर टाकून आली तर माझ्या उशाशी बसून तिचं अर्धं लक्ष तिकडं राहील. शब्द द्या म्हणाल्या. मी दिला."

"आणि हे तुम्ही आज सांगताय, भाऊजी?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की लोकांना काही हवं असलं की लोक विचारतात. तो म्हणाला, "मला वाटलं, साधा ताप आहे. चांगल्या बोलत होत्या की. आणि मग तुम्ही परत आलात त्या तशा... म्हटलं, मेलेल्या माणसावर काय ढकलायचं. मी नाही सांगितलं, ते खरंच आहे. मीच नाही सांगितलं."

"आता जेवताना कशाला ते," जाऊ हळूच म्हणाली.

नवरा पानाकडे बघत होता. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळेना, आणि आयुष्यभर कळलं नव्हतं. तिनं घास पानात ठेवला, हात धुतला आणि मागच्या दारानं बाहेर आली.

बाहेर भिंतीला टेकून तिनं एक एक शब्द तपासला, दाणे तपासावेत तसा. ढीग झाकेपर्यंत. हा शब्द आईचाच. ढीग झाकेपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही. ढीग झाकेपर्यंत रुसायचं नाही, रडायचं नाही, पाहुण्यांनी यायचं नाही. लहानपणी तिचा दात दुखायला लागला तर आई म्हणाली होती, ढीग झाकेपर्यंत कळ काढ, आणि तिनं काढली होती. हे कारभाऱ्याला घरबसल्या सुचणार नाही. की सुचेल? तोही रानातलाच माणूस, ढीग झाकणारच. पण उशाशी बसून अर्धं लक्ष तिकडं... हे नाही सुचायचं त्याला. हे आईनं मला ओळखूनच म्हटलं. आणि मी खरंच गेले असते का पेंढी टाकून? भावाला फोन करून विचारता येईल, आत्ता, लगेच, की बाबा रे, त्या दिवशी आई बोलली होती का. पण विचारलं की तो हो म्हणेल. म्हणूनच विचारायचं नव्हतं.

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आला तो राग, आणि तो कुठं ठेवायचा ते कळेना. तू कोण ठरवणारी, आई? मी यायचं की नाही हे तू आणि कारभारी ठरवणार, फोनवर, दोन मिनिटांत, वर दाण्याची चौकशी करून? तुझी पोर अर्ध्या लक्षानं का होईना उशाशी बसली असती! अर्धं लक्षही तुला नको होतं? — आणि लगेच वाटायचं, नाही, त्याचंच पाप. त्यानं ऐकायला नको होतं. मरणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं? — आणि पुन्हा, पण त्याला कुठं माहीत होतं... असं उलटसुलट. नऊ वर्षं जो राग तिनं रोज पुसून, नीट फडक्यात गुंडाळून ठेवला होता तोही त्या माणसानं कांदा फोडता फोडता हातातून काढून घेतला. निदान तो तरी ठेवायचा होतास माझ्याकडे.

मग, दुपार कलंडल्यावर, तिसऱ्या ट्रॉलीचा गहू सारखा करत असताना, मांडीपर्यंत गव्हात उभी असताना, तिला ते उमजलं आणि फावडं हातातून सुटलं. आई बोलली होती. म्हणजे आईचा शेवटचा आवाज कुणीतरी ऐकला होता. दम लागला होता का, खोकली का, मध्ये थांबली का, माझं नाव कसं घेतलं... ते सगळं या माणसाच्या कानात होतं. नऊ वर्षं. अडगळीतल्या त्या यंत्रासारखं पडलेलं. तो त्याच कानांनी हवामान ऐकत होता, ट्रॅक्टरचा आवाज ऐकत होता, माझा फिका चहा पीत होता, आणि माझ्या आईचा आवाज त्याच्यात होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

गव्हाची वाट लावून हे कसं परत मिळणार?

सूर्य मावळायला अजून अवकाश होता तेव्हा खालचं रान संपलं. मशीनवाला बांधावरून ओरडला की उद्या वरचं घेऊ, आणि पश्चिमेकडे हात करून काहीतरी म्हणाला. तिकडे हातभर ढग होता, फारसं काही नाही. नवरा ट्रॅक्टर धुवायला ओढ्यावर घेऊन गेला. ती कोठीतून बाहेर आली, शिडी उतरली, आणि कारभारी शिडी चढला. वर उभं राहून त्यानं पत्र्याचं गोल झाकण उचललं आणि कोठीच्या कडेला टेकवून धरलं.

"झाकू का, वहिनी?"

हेही तिलाच विचारायची पद्धत होती. सकाळी कापायचं का, हे तिनं सांगायचं, आणि संध्याकाळी झाकायचं का, हेही तिनंच.

नको म्हटलं की तो विचारणार, का? मग सांगावं लागणार की ओला आहे. मग, सकाळी नव्हता का? सकाळीही होता. म्हणजे? म्हणजे मी खोटं बोलले. एवढं एकदा तोंडातून गेलं की या घरात ते तोंड संपलं. पुढच्या वर्षी यंत्रात नवी बॅटरी येईल. आई म्हणायची, माणसाशी खोटं बोललीस तर एक वेळ निभावेल, माणसं विसरतात, पण दाणा कोठीत गेला की आतून सगळं बोलून दाखवतो. तरी अजून वेळ गेली नव्हती. सगळा गहू उपसून दोन दिवस अंगणात पसरला, ढग आला तर ताडपत्री टाकली, तर एक दाणा फुकट जाणार नव्हता. आणि झाका म्हटलं तर... झाका हा एकच शब्द. सकाळी एवढा गोड लागलेला.

तिच्या लक्षात आलं की उतरता उतरता तिनं कोठीतला एक दाणा तोंडात टाकला होता. सवय. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, त्यामुळे तोंड अजून तसंच होतं, खरं बोलणारं.

"वहिनी? झाकू ना?"

"आवाज कसा होता तिचा?"

"कुणाचा?"

"आईचा. फोनवर. कसा होता आवाज?"

कारभारी झाकण हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. इतकं मोठं झाकण नुसतं धरून ठेवणं सोपं नव्हतं, त्याचे दंड ताणले होते. राहा तसाच. तिला आतून एक कडक समाधान वाटलं, सकाळच्यासारखं गार नाही, दुसरंच काहीतरी, ज्यात हात घातला तर भाजेल असं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि माझ्या प्रश्नाचं तुझ्याकडे. नऊ वर्षं मी विचारलं नाही, आता विचारलंय. आधी तू दे. सगळं दे, एक खोकलासुद्धा मागे ठेवू नकोस, आणि त्याशिवाय मी हूं की चूं करणार नाही, मग तो ढग इकडे येवो नाहीतर तिकडे जावो.

"आता इतक्या वर्षांनी..." तो म्हणाला. मग झाकण त्यानं हळूच कोठीच्या छपरावर आडवं ठेवलं, शिडीच्या वरच्या पायरीवर टेकला आणि कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. बाहीचं बटण राखाडी दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"आठवू द्या," तो म्हणाला.

ती शिडीचा खालचा दांडा धरून उभी राहिली. कोठीचं तोंड उघडं होतं. दहा केव्हाच मोजून झाले होते, आणि दाणा जिभेवर भिजून इतका मऊ झाला होता की आता तो चावून काहीच कळलं नसतं.